दुकान सकाळच्या बाजूला की संध्याकाळच्या? पार्ल्याच्या गल्ल्यांनी शिकवलेला धंदा



गेल्या आठवड्यातला व्हिडिओ मी विलेपार्ले पूर्वेला चालत चालत शूट केला. तो बघून काही जणांनी विचारलं, "सर, धंद्याच्या चॅनलवर हे गल्लीबोळातलं फिरणं कशाला? मार्केटिंग शिकवा की!" त्यांना मी म्हटलं, अहो, हेच तर मार्केटिंग आहे. छोट्या दुकानदाराचं मार्केटिंग मोबाईलवर सुरू होत नाही, फुटपाथवर सुरू होतं. व्हिडिओत वीस मिनिटांत सगळं मावलं नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय. आणि हो, यात माझी स्वतःची एक फसलेली गोष्टही आहे. व्हिडिओत सांगायचं धाडस झालं नव्हतं, इथे सांगतो.

आधी पार्लं समजून घेऊ

ज्यांनी पार्लं पाहिलं नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. पश्चिम रेल्वेचं विलेपार्ले स्टेशन एका बाजूला आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग दुसऱ्या बाजूला. या दोघांच्या मध्ये साधारण एक किलोमीटर रुंदीची पट्टी, ते आपलं पार्लं पूर्व. म्हणजे स्टेशनवरून उतरलात की रमतगमत पंधरा-वीस मिनिटांत कुठल्याही घरी पोहोचता. महामार्गापलीकडे विमानतळ असल्यामुळे इमारतींच्या उंचीवर मर्यादा आली. त्यामुळे वर्षानुवर्षं इथे तीन-चार मजली इमारती, दारात एखादं आंब्याचं नाहीतर फणसाचं झाड आणि गेटवर वॉचमनची खुर्ची, असंच चित्र राहिलं. स्टेशनजवळ गर्दी, गोंगाट सगळं आहे. पण दोन वळणं घेऊन आत गेलात की दुपारी कुकरची शिट्टी ऐकू येते, इतकी शांतता.

इथल्या संस्था बघा. पार्ले टिळक विद्यालय १९२१ सालचं. पु. ल. देशपांडे याच शाळेचे विद्यार्थी. लोकमान्य सेवा संघ १९२३ सालचा. साठ्ये कॉलेज १९५९ पासून. शिवाय दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह, पार्लेश्वराचं देऊळ, भाजीबाजार. हे सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आणि पार्ल्याचं नाव देशभर कोणी नेलं? एका बिस्किटाने! इथला पार्ले कारखाना १९२९ साली सुरू झाला, तो २०१६ मध्ये बंद झाला. ट्रेन पार्ल्याजवळ आली की डब्यात बिस्किटाचा गोड वास यायचा. डोळे मिटलेला माणूससुद्धा ओळखायचा, आलं पार्लं.

आता तुम्ही म्हणाल, इतिहास झाला, धंद्याचं बोला. बोलतो. या संस्थांकडे धंदेवाल्याच्या नजरेने बघा. शाळा, देऊळ, स्टेशन, भाजीबाजार ही माणसं रोज जातात अशी ठिकाणं आहेत. आणि अशा दोन ठिकाणांमध्ये माणसाच्या पायांनी एक वाट पाडलेली असते. छोट्या दुकानाचं नशीब त्या वाटेवर ठरतं.

एका गल्लीचा दिवस

शूटिंगच्या निमित्ताने मी एकाच कोपऱ्यावर दिवसभर बसलो होतो. पहाटे पावणेसहाला फुटपाथवर पेपरवाले गठ्ठे सोडून पुरवण्या घालत होते. सहा-साडेसहाला फिरायला निघालेले आजी-आजोबा. यांच्या खिशात पैसे फारसे नसतात, पण यांच्याकडे वेळ असतो आणि नवीन काय उघडलं याची बातमी सगळ्यात आधी यांच्याकडे असते. सातच्या सुमाराला शाळेची मुलं आणि त्यांना सोडायला आलेल्या आया. आठ ते दहा स्टेशनकडे धाव. त्या दोन तासांत रस्त्यावर सगळ्यात जास्त माणसं होती आणि सगळ्यात कमी खरेदी झाली. हे लिहून ठेवा. गर्दी म्हणजे गिऱ्हाईक नाही. लोकल पकडायला निघालेला माणूस तुमच्या चकलीकडे बघतसुद्धा नाही.

अकरानंतर गृहिणी, कामवाल्या मावश्या, कुरियरवाले. एक ते चार सामसूम, काही दुकानांची शटर अर्धी खाली. साडेपाचला पुन्हा ज्येष्ठ मंडळी, यावेळी कट्ट्यावर. आणि साडेसहा ते नऊ हा खरा धंद्याचा वेळ. माणूस स्टेशनवरून घरी येतोय, हातात पिशवी आहे, डोक्यात एकच प्रश्न आहे, रात्री जेवायला काय? भाजी, इडलीचं पीठ, अर्धा डझन केळी, दोन गजरे, आठ पोळ्या. चार दुकानांत थांबत थांबत तो घरी पोहोचतो.

एक गंमत मोजली मी. रमतगमत चालणारा माणूस मिनिटाला साधारण ७० मीटर चालतो. म्हणजे पाच मिनिटांत ३५० मीटर. रोजच्या वस्तूसाठी माणूस आपल्या वाटेवरून फार तर एवढाच वाकडा जातो, थकलेला असेल तर रस्तासुद्धा ओलांडत नाही. शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. ते शिकायला मला दोन लाख ऐंशी हजार रुपये लागले.

माझं बंद पडलेलं दुकान

२००९ ची गोष्ट. तेव्हा मी ट्रेनर वगैरे कोणी नव्हतो. नोकरी सोडली होती, आणि आईच्या हातची थालीपिठाची भाजणी, मेतकूट, चिवडा, चकली विकायची असं ठरवलं होतं. पार्ल्यातच एका गल्लीत गाळा मिळाला. सकाळी साडेआठला मी जागा बघायला गेलो. बघतो तर काय, दारावरून माणसांचा लोंढा! मी मनात म्हटलं, यातली शंभरातली पाच जरी आत आली तरी आपलं भागलं. त्याच दिवशी टोकन देऊन आलो.

भाडं २२ हजार. महिन्याचे २६ दिवस धरले तर दिवसाला ८४६ रुपये. माझं मार्जिन २५ टक्के. म्हणजे नुसतं भाडं निघायला रोज ३,३८४ रुपयांची विक्री हवी. सरासरी बिल ८० रुपये धरा, तर रोज साधारण ४२ गिऱ्हाइकं, तीही फक्त भाड्यासाठी. लाईट बिल, पोऱ्याचा पगार, माझं घर हे सगळं त्याच्या वर. हा हिशोब मी आज तुम्हाला सांगतोय. तेव्हा कागदावर मांडलाच नव्हता.

रोज गिऱ्हाइकं यायची अठरा, कधी वीस. मी चव बदलली. पाकिटं बदलली. बोर्ड बदलला. मेव्हण्याकडून उसने पैसे घेऊन पॅम्फ्लेट वाटली. काही फरक नाही. आई बिचारी रात्री उशिरापर्यंत भाजणी भाजायची आणि विचारायची, "काही कमी पडतंय का रे माझ्या हाताला?" अकराव्या महिन्यात शटर खाली ओढलं.

सामान हलवत होतो तेव्हा समोरच्या बाजूला बसणारी भाजीवाली मावशी म्हणाली, "दादा, तुझी बाजू सकाळची. संध्याकाळी समदी इकडून येत्यात." मी वळून बघितलं. खरंच की! भाजीवाले सगळे पलीकडच्या फुटपाथला. घरी परतणारी माणसं स्टेशनवरून निघाल्यापासून तीच बाजू धरून चालायची. सकाळी जो लोंढा मी पाहिला होता, तो स्टेशनकडे धावणारा होता, आणि माझं दुकान उघडायचंच साडेदहाला. संध्याकाळी माझ्या दारात फक्त पार्क केलेल्या स्कूटर. मधला रस्ता जेमतेम वीस पावलांचा. त्या वीस पावलांनी माझा धंदा खाल्ला, आणि मी आईच्या हाताला बोल लावत होतो.

त्या मावशीला सहा वर्षं त्या जागी बसून जे दिसत होतं, ते मला अकरा महिन्यांत दिसलं नाही. कारण मी तिला कधी विचारलंच नाही.

ताईंच्या पोळ्या कुठे गेल्या?

आता अलीकडची गोष्ट, जिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. आपल्या बॅचमधल्या एक ताई पार्ल्यात पोळी-भाजी केंद्र चालवतात. नाव सांगत नाही, त्यांनीच तशी विनंती केली आहे. ११० चौरस फुटांचा गाळा, दोन मदतनीस मावश्या, रोज २५० पोळ्या. सहा वर्षं उत्तम चाललं होतं. मागच्या वर्षी एकदम आकडा घसरायला लागला. दोन महिन्यांत २५० वरून १४०.

ताई घाबरल्या. आधी गहू बदलला. मग तेल बदललं. मग पोळ्या लाटणाऱ्या मावशींना बोलल्या, "तुमच्या पोळ्या हल्ली कडक होतात, म्हणून लोक येत नाहीत." मावशी गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी कामावर आल्या, पण चेहरा उतरलेला.

त्यानंतर ताईंचा मला फोन. म्हणाल्या, "सर, बंद करू का?"

मी म्हटलं, "ताई, आधी उधारीची वही आणा."

वहीत रोजच्या घरांची नावं होती. कोण येतंय आणि कोण यायचं थांबलंय, अशी आम्ही टिक करत गेलो. थांबलेली घरं निघाली ३१. मग प्रत्येक घरापुढे इमारतीचं नाव लिहिलं आणि ताई मध्येच थांबल्या. ३१ च्या ३१ घरं तीनच सोसायट्यांमधली होती. तिन्ही सोसायट्या पुनर्विकासाला गेलेल्या. पत्रे लागले होते, माणसं भाड्याच्या घरात राहायला गेली होती. घरटी तीन-चार पोळ्या धरल्या तर ३१ घरांच्या होतात साधारण ११०. म्हणजे जेवढ्या पोळ्या कमी झाल्या, बरोब्बर तेवढ्याच!

पत्रे ताईंनी रोज बघितले होते. आवाज ऐकला होता, धूळ पुसली होती. पण पत्र्यांमागून आपली गिऱ्हाइकं निघून गेली, हा हिशोब डोक्यात आलाच नाही. पोळी कडक झाली नव्हती. वाट बदलली होती.

ताईंनी दोन गोष्टी केल्या. पहिली, त्याच संध्याकाळी मावशींची माफी मागितली. सगळ्यांसमोर. मला विचाराल तर धंद्याच्या दृष्टीने तो सगळ्यात महत्त्वाचा निर्णय होता. कारण अशा केंद्रात खरं भांडवल म्हणजे लाटणारे हात. दुसरी, ३१ घरांना एकेक फोन केला. "काकू, नवीन घर कसं आहे? जेवणाचं काय करता?" एवढंच विचारलं. त्यातून कळलं की १७ घरं पार्ल्यातच राहिली आहेत, कोणाची मुलं इथल्या शाळेत, कोणाचा डॉक्टर इथला. सहा घरं स्टेशनपलीकडे पश्चिमेला, आठ अंधेरी-गोरेगावकडे. जी १७ पार्ल्यात होती ती बहुतेक एकाच भागात होती, ताईंच्या केंद्रापासून बारा मिनिटं लांब. बारा मिनिटं म्हणजे फार नव्हे, पण चार पोळ्यांसाठी रोज बारा मिनिटं जाऊन बारा मिनिटं परत, हे कोणी करत नाही. सत्तरीच्या काकू तर नाहीच.

मग त्या १७ घरांची नवी संध्याकाळची वाट कोणती, हे बघायला ताई तीन दिवस तिकडे चालल्या. सगळी वाट एका भाजीच्या दुकानावरून जात होती. त्या दुकानदाराशी बोलल्या. दुपारी चारपर्यंत ऑर्डर व्हॉट्सॲपवर, साडेसहाला नाव लिहिलेली पाकिटं त्याच्या दुकानात, पाकिटामागे दोन रुपये त्याला. त्याला दोन रुपयांचं कौतुक नव्हतं. पण पोळ्या घ्यायला आलेली काकू कोथिंबीर घेऊनच जाते, हे त्याला आठवड्यात कळलं.

आज १७ पैकी १४ घरं पुन्हा सुरू आहेत. आकडा १९० वर आलाय. २५० नाही, १९०. खरं तेच सांगतो.

पुढचा प्रश्न अजून सुटलेला नाही

डिसेंबरमध्ये ताईंच्या गाळ्याचं ॲग्रीमेंट संपतंय. मालक भाडं वाढवून मागतोय. तिकडे शेजारच्या आणखी एका सोसायटीत पुनर्विकासाच्या मीटिंगा चालू आहेत. तीन-चार वर्षांनी नव्या इमारती उभ्या राहतील तेव्हा घरं वाढतील, हे खरं. पण लिफ्टने थेट पार्किंगमध्ये उतरून गाडीत बसणारा माणूस गल्लीतून चालेल का? चालला तर कोणत्या वेळी? आणि तोपर्यंत तग कसा धरायचा?

ताई मला विचारतात, "सर, थांबू की हलू?" मी अजून उत्तर दिलेलं नाही. कारण उत्तर माझ्याकडे नाही, त्या रस्त्यावर आहे. दिवाळीपर्यंत दर बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी त्या दोन्ही जागी उभं राहून माणसं मोजायची, असं ठरलंय. आकडे आले की निर्णय. ताई मनाची तयारी दोन्हीची ठेवून आहेत.

शांत वस्तीत काय चालतं?

"सर, आता दहा मिनिटांत सगळं घरी येतं, गल्लीतलं दुकान टिकणार कसं?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. साबण, बिस्किट, शॅम्पू यात त्या ॲपशी भांडू नका. हराल. पण सकाळी भाजलेली भाजणी, "आज मऊ दे गं, आजोबांची कवळी दुखतेय" असं सांगून घेतलेली पोळी, पावाशेर मेतकूट, एका ब्लाऊजचा हूक, चपलेचा अंगठा, ही चालत जाऊन करायची कामं आहेत. थोडी, ताजी, ओळखीच्या माणसाकडून.

आणि चालत्या वस्तीत ओळख दोन्ही बाजूंनी चालते, हे विसरू नका. एक काकू समाधानी झाली तर पहाटेच्या फेरीत दहा जणींना कळतं. एका दिवशी शिळी भाजी दिलीत तर कट्ट्यावर वीस जणांना कळतं. गाडीतून येणारं गिऱ्हाईक तुमच्यावर रागावलं तर पुन्हा येत नाही, संपलं. चालत येणारं गिऱ्हाईक रागावलं तर रोज तुमच्या दारावरून जातं, पिशवी दुसऱ्या हातात घेऊन. ते बघणं फार जड जातं, अनुभवाने सांगतो.

अर्थात प्रत्येक धंद्याला हे लागू नाही. फर्निचर, सोनं, लग्नाची साडी यासाठी माणूस पाच स्टेशनं ओलांडून जातो. पण तुम्ही रोजच्या गरजेचं काही विकणार असाल, तर तुमचं जग पाच मिनिटांच्या चालीचं आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

गाळा बघताय? टोकन द्यायच्या आधी एवढं करा. पैसे लागत नाहीत, फक्त चपला झिजतात.

१. त्या जागेसमोर तीन वेळा उभे राहा. सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी सात. प्रत्येक वेळी अर्धा तास. एक दिवस कामाचा, एक रविवार.

२. माणसं मोजताना दोन रकाने करा, रिकामे हात आणि पिशवीवाले हात. तुमचं गिऱ्हाईक दुसऱ्या रकान्यात आहे.

३. संध्याकाळी लोक कोणत्या बाजूने चालतात ते बघा, आणि का चालतात तेही. सावली, भाजीवाले, दिवे, उखडलेला फुटपाथ, काहीतरी कारण असतंच.

४. आजूबाजूच्या पाच मिनिटांतल्या इमारतींची यादी करा. कोणत्या जुन्या आहेत, कुठे पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत? वॉचमनला विचारा, त्याला सगळं माहीत असतं.

५. भाडं भागिले २६, मग भागिले तुमचं मार्जिन, मग भागिले सरासरी बिल. जो आकडा येईल तेवढी पिशवीवाली माणसं तुम्हाला दारावरून जाताना दिसली तरी पुरत नाही, तेवढी आत यायला हवीत. दिसली त्याच्या निम्मीसुद्धा नसतील तर ती जागा सोडा.

आणि सहावं, ज्याचा आकडा नसतो. त्या कोपऱ्यावर जी मावशी सगळ्यात जास्त वर्षं बसलीय, तिच्याकडून पावभर मिरच्या घ्या आणि विचारा, "मावशी, इथे काय चालेल?" मी त्या दिवशी विचारलं असतं, तर आईला तो प्रश्न विचारायची वेळ आली नसती.

तुमच्या वस्तीची मोजणी करा, आकडे वहीत लिहा आणि पुढच्या बॅचला येताना ती वही घेऊन या. ताईंचं डिसेंबरमध्ये काय ठरलं ते नक्की कळवीन.

चालत राहा, मोजत राहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!